इसाझाच्या सरोवराकाठी: बीवा प्रवासातील नोंदी

जपानमधील सर्वांत मोठ्या सरोवराच्या, म्हणजे बीवाच्या, उत्तर भागात इसाझा नावाचा बोटभर लांबीचा एक मासा राहतो. तो गोबी गटातला आहे, मूळचा फक्त याच सरोवरातला आहे आणि जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झालेली आहे. क्योतोत जलविज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीने दूरध्वनीवर त्याची हकिगत सांगितली, तेव्हा एप्रिलमध्ये, त्याच्या विणीच्या काळात, सरोवराला वळसा घालावा असे आम्ही ठरवले. हा मासा पाण्यात पोहताना पाहण्याची अपेक्षा मुळातच नव्हती, कारण दिवसा तो तीस मीटरपेक्षाही खोल, अंधाऱ्या तळाशी असतो. ज्या पाण्यावर, ज्या थंडीवर आणि ज्या माणसांवर त्याचे जगणे अवलंबून आहे, ती मात्र पाहता येण्यासारखी होती.

सोमवार, ओत्सू

क्योतो स्थानकातून निघालेली गाडी यामाशिना हे एकच स्थानक घेते, पुन्हा बोगद्यात शिरते आणि दहा मिनिटांच्या आत ओत्सूला पोहोचते. ओत्सू ही शिगा प्रांताची राजधानी. स्थानकापासून उताराने चालत गेले की सरोवराचा काठ येतो. समोर दिसते ते पाणी मात्र इसाझाचे नव्हे, हे भाचीने पहिल्याच क्षणी स्पष्ट केले.

सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर, म्हणजे शिगा प्रांताचा जवळपास सहावा हिस्सा. त्याची कंबर जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे १९६४ मध्ये पूल बांधला गेला, आणि त्या पुलाच्या दोन्ही बाजूंची सरोवरे जणू वेगळी आहेत. दक्षिणेकडचा भाग लहान आणि उथळ असून त्याची सरासरी खोली अवघी चार मीटर आहे. उत्तरेकडचा भाग विशाल असून त्याची सरासरी खोली चाळीस मीटरच्या पुढे आणि सर्वाधिक खोली सुमारे १०४ मीटर आहे. इसाझा राहतो तो या उत्तर भागात. ओत्सूच्या काठावर उभे राहून त्याचा विचार करणे म्हणजे त्याच्या घराच्या अंगणाबाहेर उभे राहण्यासारखे आहे.

तरीही ओत्सू टाळून चालणार नव्हते, कारण सरोवराचे राजकारण आणि समाजकारण येथेच घडले. सरोवरात शेकडो ओढे-नद्या येऊन मिळतात, पण नैसर्गिक रीतीने बाहेर पडते ती एकटी सेता नदी. पुढे तीच उजी आणि योदो या नावांनी ओसाकाच्या उपसागरापर्यंत जाते. शिवाय १८९० मध्ये डोंगर पोखरून क्योतोपर्यंत कालवा नेण्यात आला. या सरोवराच्या पाण्यावर आज सुमारे १ कोटी ४० लाख माणसे अवलंबून आहेत. १९७७ मध्ये सरोवराच्या पाण्यावर सूक्ष्म शैवालाचा तांबूस तवंग पसरला आणि पाण्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा येथील गृहिणींनी फॉस्फरसयुक्त कपडे धुण्याची पावडर सोडून साध्या साबणाचा आग्रह धरला. ती चळवळ घराघरांत पोहोचली आणि १९७९ मध्ये प्रांताने अशा पावडरींवर बंदी घालणारा नियम केला. मला ही हकिगत फार मोलाची वाटते, कारण कोणा दुर्मीळ प्राण्याचे नावही न घेता, केवळ आपल्या न्हाणीघरातील पाण्याचा विचार करून त्या बायकांनी सरोवराच्या तळाशी राहणाऱ्या जीवांचेही भले केले. पाण्यात शैवाल जितके अधिक वाढते तितके ते मरून अधिक प्रमाणात तळाशी बसते आणि कुजताना तळाचा प्राणवायू खाऊन टाकते. इसाझाचा प्रश्न पुढे याच प्राणवायूपाशी येऊन थांबतो.

मंगळवार, कुसात्सू

बीवा सरोवर संग्रहालय १९९६ मध्ये सुरू झाले. कुसात्सू स्थानकावरून बसने तिथे जाण्यास अर्धा तास पुरतो, पण पाहायला पूर्ण दिवसही कमी पडला. सरोवराचा पूर्वज सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी आजच्या जागेच्या दक्षिणेस, इगा परिसरात निर्माण झाला. भूकवचाच्या हालचालींबरोबर खोलगट भाग उत्तरेकडे सरकत गेले, आणि उत्तरेचे आजचे खोल पात्र सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी आकाराला आले.

हा काळाचा हिशेब इसाझासाठी महत्त्वाचा आहे. गोबी हे प्रामुख्याने तळाला धरून राहणारे मासे आहेत. त्यांचे पोटाकडचे पर जुळून वाटीसारखे झालेले असतात आणि त्यांच्या आधाराने ते दगडाला चिकटतात. आपल्या खाड्यांच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या याच मोठ्या गोतावळ्यातल्या. इसाझाचे जवळचे नातेवाईक ओढ्यांत आणि नद्यांच्या मुखांपाशी राहतात. एवढे खोल, थंड आणि मोकळे पाणी उपलब्ध झाल्यावर या कुळातील एका शाखेने काठ सोडला. तिच्यातून घडलेला इसाझा पाच ते आठ सेंटिमीटर लांबीचा, सडपातळ, फिकट रंगाचा आणि मोठ्या तोंडाचा आहे. दिवसभर तो तळाजवळ राहतो आणि रात्र झाली की खाद्यासाठी कित्येक मीटर वर चढून येतो. शिगेहो तानाका या मत्स्यशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

त्याच्या खाद्याचा शोध घेताना एक ओळखीचे नाव भेटले. इसाझा ज्या जीवांवर पोसतो त्यांत कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, बोटाच्या नखाएवढा एक कवचधारी प्राणी आहे, आणि त्याच्या शास्त्रीय नावात ‘अ‍ॅनानडेली’ हा शब्द आहे. हे नाव नेल्सन अ‍ॅनानडेल यांच्यावरून आलेले आहे. कोलकात्यात १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते पहिले संचालक. १९१५ च्या पूर्वेकडील दौऱ्यात त्यांनी बीवातील जीवसृष्टीचा अभ्यास केला आणि त्या दौऱ्यात जमवलेल्या नमुन्यांवरून १९२२ मध्ये या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. याच अ‍ॅनानडेल यांनी १९१९ मध्ये सातारा आणि पुणे जिल्ह्यांतील लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर लिहिले आणि खंडाळ्याच्या एका लहानशा माशाला शास्त्रात जागा मिळवून दिली. सह्याद्रीच्या ओढ्यांत वाकून पाहणारी तीच नजर बीवाच्या तळापर्यंत गेली होती, हे समजल्यावर माझ्या मनातले परकेपण बरेच ओसरले.

दुसरे नाव जपानच्या राजघराण्यातले आहे. २०१९ मध्ये पदत्याग केलेले माजी सम्राट अकिहितो हे गोबी माशांचे मान्यताप्राप्त अभ्यासक; त्यांच्या सन्मानार्थ २००७ मध्ये गोड्या पाण्यातील गोबींच्या एका प्रजातीगटाला ‘अकिहितो’ हेच नाव देण्यात आले. युवराज असताना १९६० मध्ये त्यांना शिकागोच्या महापौरांकडून ब्लूगिल हे अमेरिकन मासे भेट मिळाले. खाण्यासाठी त्यांची पैदास करता येईल या आशेने त्यांनी ते मत्स्य खात्याच्या संशोधन संस्थेला दिले. ते मासे पुढे बीवात पसरले. १९७४ मध्ये लार्जमाउथ बास हा दुसरा अमेरिकन मासाही सरोवरात आढळला, आणि दोघांनी मिळून काठाजवळच्या देशी माशांची अंडी, पिल्ले आणि लहान मासे फस्त करण्यास सुरुवात केली. नोव्हेंबर २००७ मध्ये ओत्सू येथे झालेल्या समारंभात सम्राटांनी ब्लूगिल आपणच आणल्याचे सांगून या परिणामाबद्दल मनाला वेदना होतात असे जाहीरपणे म्हटले. ज्याने आयुष्यभर गोबींच्या हाडांचा आणि खवल्यांचा अभ्यास केला त्याच्याच हातून हे घडावे, यात मला त्यांचा दोष दिसत नाही. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात नेणे त्या काळी विकासाचेच काम समजले जाई, हे मात्र ठळकपणे दिसते. शिगा प्रांतात २००३ पासून गळाला लागलेला बास किंवा ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई आहे.

बुधवार, नागाहामा

उत्तरेकडे जाताना माइबाराजवळ उजव्या हाताला इबुकी पर्वत दिसू लागतो. त्याची उंची १,३७७ मीटर, म्हणजे आपल्या तोरणागडापेक्षा किंचित कमी. परंतु १४ फेब्रुवारी १९२७ रोजी त्याच्या माथ्यावर ११.८२ मीटर जाडीचा बर्फाचा थर मोजला गेला, आणि तो जागतिक विक्रम म्हणून ओळखला जातो. सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि ते या डोंगरांवर हिमरूपाने रिते करतात. एप्रिलच्या मध्यातही माथ्याजवळच्या घळींत पांढऱ्या रेषा शिल्लक होत्या. भाची त्या रेषांकडे बोट दाखवून म्हणाली, “मामा, सरोवराचा प्राणवायू तिथून येतो.” त्याचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला.

नागाहामाच्या उत्तरेला मासेमारीची लहान बंदरे आहेत. इसाझा पकडण्यासाठी खोल पाण्यात तळालगत ओढायची जाळी वापरतात. लांब दोराने जाळे दूरवर सोडायचे आणि ते यंत्राने सावकाश ओढून घ्यायचे, असे हे काम आहे. थंडीचे महिने हा त्याचा मुख्य हंगाम. १९८० च्या दशकात येथे इसाझा शेकडो टनांनी निघत असे. पुढच्या दशकात हे प्रमाण इतके घसरले की मासा संपलाच असे वाटावे. त्यानंतर तो पुन्हा दिसू लागला, पण पूर्वीचे दिवस परत आले नाहीत. धक्क्यावर जाळे उकलत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याशी भाचीने बराच वेळ संवाद साधला. जाळ्यात इसाझा किती आला यावरून त्या वर्षीच्या तळाच्या पाण्याची कल्पना येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. आमच्याकडे कोळीवाड्यातली जुनी माणसे घोळ माशाविषयी जशी बोलतात तशा आदराने ते या बोटभर माशाविषयी बोलत होते.

गावातील माशांच्या दुकानात इसाझा-मामे मिळते: सोयाबीन आणि इसाझा एकत्र घालून, सोया सॉस आणि साखरेच्या रसात मंद आचेवर आटवलेला पदार्थ. थंडीत याच माशाचे ‘जुनजुन’ही करतात, म्हणजे भाज्या आणि टोफूसह गोडसर रश्श्यात पातेल्यातच शिजवून सर्वांनी मिळून खायचे. संकटात असलेला जीव विकत घेऊन खावा का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही. मी एक लहान डबी घेतली आणि खाल्ली. मासा मऊ होता, त्याची हाडे जाणवत नव्हती आणि गोडीमागे हलकीशी कडवट चव होती. माझे मत असे झाले आहे की या भागातील मोजक्या होड्या आणि घरगुती स्वयंपाकघरे हीच इसाझाची आठवण धरून ठेवणारी माणसे आहेत. तो ताटातून नाहीसा झाला, तर तो जाळ्यात आला की नाही याची चौकशी करणारेही उरणार नाहीत. अर्थात हे मत आजच्या मर्यादित मासेमारीपुरतेच आहे. उद्या त्याला मोठ्या बाजारपेठेत मागणी निर्माण झाली तर मी याच्या उलट लिहीन.

गुरुवार, चिकुबुशिमा

नागाहामाहून बोटीने अर्ध्या तासात चिकुबुशिमा बेट येते. दाट झाडी, उभे कडे आणि एकच धक्का. धक्क्यावरून होगोन-जी मंदिराकडे १६५ दगडी पायऱ्या चढून जावे लागते. इसवी सन ७२४ मध्ये सम्राट शोमू यांच्या आज्ञेने ग्योकी या भिक्षूने याची स्थापना केली, अशी परंपरा आहे. येथील देवता बेन्झाइतेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेली आपली सरस्वती. जपानमध्ये अनेक ठिकाणी ती हाती बीवा हे तंतुवाद्य घेतलेली दिसते. या बेटावर ती अष्टभुजा आहे. लहानशा बाहुलीत आपली इच्छा चिठ्ठीवर लिहून ठेवण्याची इथे पद्धत आहे. जलदेवता म्हणून पूजली जाणारी सरस्वती या सरोवराच्या मध्यभागी भेटावी, याने मला मनापासून आनंद झाला आणि मी हात जोडून उभा राहिलो.

बेटाच्या पश्चिमेकडील पाण्यातच सरोवराची सर्वाधिक खोली आहे. बोट त्या बाजूने इमाझुकडे निघाली तेव्हा भाचीने कठड्याला टेकून मला सारे समजावले. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या सात-आठ अंश सेल्सिअसच्या जड पाण्यावर झाकणासारखे बसते. वरच्या पाण्याला हवेतून प्राणवायू मिळत राहतो. खालचे पाणी मात्र त्या झाकणाखाली अडकते, आणि तळाशी कुजणारे अवशेष त्यातला साठा महिनोन्‌महिने खर्च करत राहतात. हिवाळ्यात वरचे पाणी गार होत होत खालच्या पाण्याइतके थंड झाले, शिवाय उत्तरेच्या डोंगरांतले बर्फाचे थंड पाणी नद्यांतून आले, की ते जड होऊन खाली उतरते आणि वरपासून तळापर्यंत सगळे पाणी मिसळून जाते. जपानी लोक याला सरोवराचा दीर्घ श्वास म्हणतात. हा श्वास वर्षातून एकदाच घेतला जातो आणि त्यावर तळाच्या जीवांना पुढचा हिवाळा येईपर्यंत तगावे लागते.

२००६-०७ चा हिवाळा उबदार गेला आणि मिसळण लांबली. त्या वर्षाच्या अखेरीस संशोधकांनी स्वयंचलित पाणबुडी यंत्राने सरोवराच्या खोल तळाची छायाचित्रे घेतली, तेव्हा तिथे इसाझा मोठ्या संख्येने मरून पडलेले दिसले. मृत माशांच्या शरीरांत मँगनीज आणि अर्सेनिक यांचे प्रमाण वाढलेले आढळले. तळाच्या गाळात बांधलेली ही द्रव्ये प्राणवायू कमी झाला की सुटी होऊन पाण्यात येतात. त्यानंतर २०१९ च्या हिवाळ्यात, १९७९ मध्ये निरीक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, पूर्ण मिसळण झालीच नाही. २०२० मध्येही ती झाली नाही, आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूपर्यंत सर्वांत खोल भागातील काही ठिकाणी प्राणवायू जवळजवळ संपला होता. २०२१ च्या फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीने ती खंडित साखळी पुन्हा जुळवली.

यात सर्वांत अस्वस्थ करणारी बाब इसाझाच्या आयुष्याची आहे. बहुतेक इसाझा एका वर्षात वाढतात, विणतात आणि मरतात. थोडेच दुसऱ्या वर्षापर्यंत पोहोचतात. पन्नास वर्षे जगणाऱ्या कासवाला एखादा वाईट हिवाळा सोसता येतो. या माशाच्या बाबतीत एक वाईट वर्ष म्हणजे जवळजवळ संपूर्ण पिढी, आणि सलग दोन वाईट वर्षे म्हणजे पिढ्यांची साखळीच. कुंपण घालून, राखीव क्षेत्राची पाटी लावून किंवा मासेमारी थांबवून हे संकट टळणारे नाही. सरोवरातील सांडपाणी आणि शेतातील खते शिगामधील लोकांच्या हातात आहेत व त्यांनी ते काम मोठ्या निष्ठेने केलेले आहे. पण इबुकीवरचा बर्फ त्यांच्या एकट्यांच्या हातात नाही. त्या बर्फाचे उत्तर देण्यात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर गाड्या चालवणारे आपणही आहोत.

शुक्रवार, काइझु-ओसाकी

माकिनो स्थानकापासून काठाकाठाने चालत गेले की काइझु-ओसाकीचा खडकाळ किनारा लागतो. रस्त्याच्या कडेला चेरीची सुमारे आठशे झाडे आहेत आणि ती या प्रदेशात उशिरा फुलतात. आम्ही पोहोचलो तेव्हा बहर ओसरून पालवी फुटलेली होती, त्यामुळे गर्दीही नव्हती.

एप्रिल-मे महिन्यांत इसाझा खोल पाणी सोडून उत्तरेकडच्या अशा दगडगोट्यांच्या काठाशी येतो. नर एखाद्या दगडाखालची पोकळी ताब्यात घेतो, मादी त्या दगडाच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवते आणि निघून जाते. त्यानंतर पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर तिथून हलत नाही. तो परांनी पाणी ढवळत अंड्यांना ताजे पाणी पुरवतो आणि आगंतुकांना हुसकावतो. चिमुकली पिल्ले पुढे मोकळ्या पाण्यात जातात आणि वाढत वाढत खोल उतरतात. म्हणजे काठाकडील विणीची जागा आणि सरोवराचा तळ या दोन्ही जागा शाबूत असल्या तरच हा मासा वर्ष पार करू शकतो. काठावर सिमेंटच्या भिंती बांधल्या, दगडांवर गाळ किंवा शेवाळ बसले, बास-ब्लूगिल दगडांभोवती फिरू लागले, तर तळाला भरपूर प्राणवायू असूनही उपयोग नाही. काइझुला काठ अजून दगडगोट्यांचा आहे, पाणी स्वच्छ आहे, आणि गुडघाभर पाण्यातले गोटे काठावरूनही एक एक करून मोजता येतात.

आम्ही पाण्यात उतरलो नाही आणि एकही दगड उचलला नाही. दगड उलटा केला तर अंडी उघडी पडतात. नर परत आला तरी दगड पूर्वीसारखा बसत नाही. येथे सहलीला येणारी मुले दगड उचलून पाहतात हे मी त्या दिवशीही पाहिले, आणि भाचीने त्यांच्या आईला नम्रपणे कारण सांगितल्यावर त्या बाईंनी लगेच मुलांना मागे घेतले.

मराठी वाचकांपैकी कोणी क्योतोला जाणार असेल, तर एक दिवस सरोवराच्या उत्तरेसाठी अवश्य राखून ठेवावा. नागाहामाहून चिकुबुशिमा करून इमाझुला उतरता येते आणि तिथून कोसेई मार्गाची गाडी सुमारे तासाभरात क्योतोला परत आणते. बोटींच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून त्या आधी पाहून घ्याव्यात. एप्रिल-मेमध्ये गेल्यास काठावरचे दगड आहेत तिथेच राहू द्यावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्यास यंदा पाणी तळापर्यंत मिसळले का, हे स्थानिकांना जरूर विचारावे. शिगामध्ये ही बातमी वर्तमानपत्रात छापून येते आणि दुकानदारही तिची माहिती देऊ शकतात.